हौस की हवा

आमच्या लोइसग्राबेन गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते शेजाऱ्याला वासावरून कळतं, आणि शेजाऱ्याला कळलं की मला कळतं. मी ट्राउडल. गावच्या आगीच्या बंबाची जी शेड आहे, तिच्यावरच्या खोलीत मी आठवड्यातून दोन दुपारी वाचनालय उघडते. बाकीचे दिवस नवऱ्याबरोबर द्राक्षमळ्यात. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासूनची. माझी आई म्हणायची, हिला स्वर्गात घेतलं तर ही आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल. तरीपण क्विरिन वाइडिंगरची ती ओळ माझ्यामुळे उलटली असं जे गावात बोलतात, ते खरं नाही. उलटवली प्रोफेसर वानेकांनी. मी फक्त विचारलं.

क्विरिन वाइडिंगर हा आमच्या गावचा शाळामास्तर, दीडशे वर्षांपूर्वीचा. थोडे मळे, एक तळघर, घरभर पोरं, आणि फावल्या वेळात शेतकऱ्यांच्या कॅलेंडरांसाठी लिहिलेल्या गोष्टी. पानाच्या एका बाजूला संतांचे सण आणि पेरणीचे दिवस, दुसऱ्या बाजूला मास्तरांची गोष्ट. वर्ष संपलं की कॅलेंडर चुलीत जायचं आणि त्याच्याबरोबर गोष्टही. मास्तर गेल्यावर काही वर्षांनी व्हिएन्नातल्या कुणा प्रकाशकाने त्यातल्या मिळतील तेवढ्या गोष्टी गोळा करून एक पुस्तक काढलं. ते काही खपलं नाही, पण लेखकांच्या हाती लागलं, आणि लेखकांच्या हाती काय लागलं तर ते परत कधी मिळतं का?

त्या पुस्तकातली शेवटची गोष्ट म्हणजे ‘नवा कोट’. लोरेन्झ नावाचा एक गबर द्राक्षवाला असतो. पीक उत्तम आलेलं, पिंपं भरलेली, शहरातून नवा काळा कोट शिवून आणलेला. तो कोट घालून तो संध्याकाळी तळघराकडे जातो, मेणबत्ती दारातच ठेवतो आणि पायऱ्या उतरतो. पुढे एकच वाक्य आहे. ‘कोट होता, घड्याळ होतं, किल्ली होती, पिंपं गळ्यापर्यंत भरलेली होती, नव्हती ती फक्त हौस.’ संपली गोष्ट.

या एका वाक्याने व्हिएन्नाला वेड लावलं. सगळं असून जगायची हौस नसलेला माणूस त्याआधी कुणी लिहिलाच नव्हता म्हणे. त्यानंतर मात्र अशांचं पीक आलं. कॉफीच्या गार झालेल्या कपासमोर बसून खिडकीबाहेर बघणारे, लग्न ठरलं तरी चर्चला न पोचणारे, वारशाचं पाकीट आलं तरी न फोडणारे नायक. प्रोफेसर म्हणायचे, हे सगळे तुमच्या मास्तराचे नातू-पणतू, आजोबांचं नाव तेवढं कुणी सांगत नाही.

प्रोफेसर म्हणजे शहरातल्या हायस्कुलात भाषा शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्याकडे हायस्कूलच्या मास्तरालाही प्रोफेसर म्हणतात, आणि नाही म्हटलं तर त्याच्या बायकोला राग येतो. उंच, जरा वाकलेले, बारा महिने गळ्यात मफलर. उमेदीची सगळी वर्षं घालवून त्यांनी क्विरिनवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, ‘हौस नसलेला माणूस’. वर्तमानपत्रांत त्यावर छापून आलं, क्विरिनच्या गोष्टींची नवी आवृत्ती निघाली, आणि आमच्या गावाला पत्ता लागला की आपल्याकडे एक थोर लेखक होऊन गेला.

गावाला तो माहीत होता, पण वेगळ्या कारणाने. ज्या वर्षी ‘नवा कोट’ छापून आली, त्याच वर्षी सुगीनंतर क्विरिन स्वतःच्या तळघरात मेला. द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्यातून जड वायू सुटतो आणि तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्या काळी दरवर्षी तो या पट्ट्यात कुणा ना कुणाचा बळी घ्यायचा. म्हणून तर मेणबत्ती घेऊन उतरायचं आणि ज्योत विझली की माघारी फिरायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्विरिन खालच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला, मुठीत विझलेली मेणबत्ती. आधी सगळे म्हणाले अपघात. मग व्हिएन्नाचं पुस्तक आलं, कुणीतरी शेवटची ओळ मोठ्याने वाचली, आणि गावाने राईचा पर्वत केला. मास्तरांनी आधी लिहून ठेवलं आणि मग दिवा मालवला, असं ठरलं ते ठरलंच.

हे सगळं भोगलं कुणी, तर बुर्गीआत्यांनी. नोटबुर्गा वाइडिंगर, क्विरिनची पणती, ऐंशी उलटलेली, त्याच घरात आणि त्याच तळघरावर राहणारी. वाइडिंगरांच्या रक्तातच ते आहे, असं गाव कुजबुजायचं. घरातलं पोर दोन दिवस गप्प बसलं की आई त्याच्या कपाळाला हात लावायची, आणि ताप नसला तर जास्त घाबरायची. त्या घरात पुन्हा कुणाचं नाव क्विरिन ठेवलं नाही. आत्यांचं लग्न ठरून मोडलं ते यावरूनच. मुलाच्या आईने स्पष्ट सांगितलं, माझी नातवंडं तळघराकडे बघत वाढायला नकोत. आणि एक नियम होता. सुगीनंतर वाइडिंगरांपैकी कुणीही एकटं तळघरात उतरायचं नाही. मेणबत्ती वायूसाठी, सोबतीचं माणूस रक्तासाठी. आता सगळ्यांनी तळघरांत पंखे बसवलेत, आत्यांनीही बसवलाय, पण उतरायचं झालं की त्या अजून माझ्या नवऱ्याला हाक मारतात. गेर्नोट हातातलं काम टाकून जातो आणि वरच्या पायरीवर नुसता उभा राहतो. जन्मात त्या एकट्या उतरलेल्या नाहीत.

अशा बाईच्या दारावर प्रोफेसरांना दगड बसवायचा होता. जुन्या छपाईतल्या काटेरी अक्षरांत क्विरिनचं नाव आणि खाली ती ओळ. आमच्या महापौराला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शहरातले लोक बसने येतील, दुःखी लेखकाचं तळघर बघतील, दोन पेले पितील आणि वाइनची पेटी घेऊन जातील, असं त्याचं गणित. आत्या नाही म्हणतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दगड कोरून ट्रॅक्टरवरून आला, तेव्हा त्यांनी तो तळघराच्या तोंडाशी असलेल्या खोलीत ठेवून घेतला आणि अक्षरं भिंतीकडे करून उभा केला.

“माझ्या घराबद्दल जे बोलायचं ते गाव आजवर पाठीमागे बोललं, प्रोफेसर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर ते कोरून दारावर लावायला आलात.”

प्रोफेसरांना खरंच कळेना की या चिडल्या का. ते म्हणाले, वाइडिंगरबाई, हे वाक्य म्हणजे आपल्या भाषेचं भूषण आहे. आत्या म्हणाल्या, मग तुमच्या दारावर लावा, तिथे शोभेल. मी मध्ये पडले नसते तर दगड त्याच दिवशी परत गेला असता. शेवटी आत्यांनी एक अट घातली. ती गोष्ट त्यांनी कधी वाचलेलीच नव्हती. वडिलांनी ते पुस्तक उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. तेव्हा ट्राउडलने वाचून दाखवावी, मग बघू.

म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. द्राक्षं पिळायचं जुनं लाकडी दाबयंत्र, पावाला चरबी लावून वर कांदा, आणि सुरईत श्टुर्म, म्हणजे अर्धवट आंबलेला गढूळ रस, जो गोड लागतो म्हणून पाहुणे पितात आणि मग जिना शोधत बसतात. दगड भिंतीकडे तोंड करून उभा. मी वाचायला लागले. शिंपी लोरेन्झच्या पोटाचं माप घेतो आणि टेप पुरत नाही म्हणून गोठ्यातला दोर मागवतो, तिथे आत्या हसल्या. कोट घालून लोरेन्झ चर्चला जातो आणि मागच्या लोकांना पाठ नीट दिसावी म्हणून प्रार्थनेला गुडघ्यावर बसतच नाही, तिथे तर त्यांना ठसका लागला. प्रोफेसर अस्वस्थ झाले. क्विरिन वाइडिंगर वाचताना कुणी हसतं, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग मेणबत्ती आली आणि हसू थांबलं.

“दारात ठेवली म्हणतो?” आत्यांनी विचारलं.

“हो. ‘मेणबत्ती त्याने दारातच ठेवली.’ एवढंच आहे.”

“सुगीचे दिवस, पिंपं आंबतायत, आणि मेणबत्ती दारात. म्हणजे मुद्दाम.” त्यांनी पेला खाली ठेवला. “वाच पुढे.”

मी शेवटचं वाक्य वाचलं. प्रोफेसरांनी चर्चमध्ये बसल्यासारखे डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाल्या, गाव बरोबर बोलत होतं तर. दगड घेऊन जा.

घरी जाताना मला काही चैन पडेना. वाईट तर वाटत होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे डोक्यात किडा वळवळत होता. बाई हसली होती. आणि हसण्यासारखंच होतं ते सगळं, कपड्याच्या मापापासून चर्चपर्यंत. मग चेष्टेखोर माणूस शेवटच्या वाक्यातच असा सुतकाचे काळे कपडे घालून का उभा राहतो? पंगतीत किस्सा सांगणारा शेवटी हशा यायच्या जागी रडायला लागला तर आपण काय म्हणू? म्हणू, याचं काहीतरी चुकतंय.

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांना विचारलं, ही गोष्ट पहिल्यांदा कुठे छापली? ते म्हणाले, झ्नाइमच्या कॅलेंडरात; पण त्या वर्षाची प्रत शिल्लक नाही, व्हिएन्नातली सगळी ग्रंथालयं मी पालथी घातली.

“आणि झ्नाइममधली?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चंद्राबद्दल विचारतेय. झ्नाइम म्हणजे आताचं झ्नोइमो, चेक हद्दीत, आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. क्विरिनच्या काळी एकच राज्य होतं, तिथले छापखाने आमच्याच भाषेत छापायचे, आमची कॅलेंडरं तिथूनच यायची. मग हद्द पडली, काटेरी तार आली, आणि चाळीस वर्षं तिकडे कुणी गेलं नाही. तार कधीच निघाली. आज आमचं निम्मं गाव तिकडे दात बसवायला जातं आणि उरलेलं निम्मं केस कापायला. पण शिकलेल्या माणसांच्या डोक्यातली तार लवकर निघत नाही. प्रोफेसरांचे आजोबा तिथलेच, वानेक हे आडनावच सांगतं; तरी त्यांच्या नकाशात हद्दीच्या पलीकडे पांढरा कागद होता. ही चूक आमच्याच लोकांनी करावी. दुसऱ्या कुणी पहिल्याच दिवशी तिथे धाव घेतली असती.

मला तशीही केसांना रंग लावायचा होता. गुरुवारी मी त्यांना गाडीत घातलं, तिथल्या जुन्या दप्तरखान्याच्या दाराशी सोडलं आणि कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात जाऊन बसले. रंग लावून डोक्यावर चांदीचे कागद गुंडाळून झाले, हातात मासिक आलं, तेवढ्यात दार ढकलून प्रोफेसर आत आले. मफलर सुटलेला, चेहरा चुन्यासारखा. रांगेतल्या बायका सरकून बसल्या. त्यांनी एक झेरॉक्स माझ्या मांडीवर ठेवली, वर भिंग ठेवलं आणि म्हणाले, “शेवटची ओळ.”

आता हे समजायचं तर आमची जुनी काटेरी अक्षरं कशी होती ते सांगायला हवं. त्यांत एस आणि एफ ही जुळी भावंडं. दोन्ही उभी, लांब, वरून वाकलेली. एफच्या अंगातून एक बारीक आडवी काडी आरपार जाते, एसची काडी उजवीकडे बाहेर येत नाही. बस, तिळाएवढा फरक. आणि आमच्या भाषेत लुस्ट म्हणजे हौस, आणि लुफ्ट म्हणजे हवा.

मी भिंग धरलं. काडी होती. आरपार, उजवीकडे स्वच्छ बाहेर आलेली.

‘कोट होता, घड्याळ होतं, किल्ली होती, पिंपं गळ्यापर्यंत भरलेली होती, नव्हती ती फक्त हवा.’

“खाली बघा,” प्रोफेसर म्हणाले. “गोष्टीखाली बारीक टायपात काय आहे ते बघा. व्हिएन्नावाल्यांनी ते गाळलं. त्यांना गावंढळ वाटलं असणार.”

तिथे लिहिलं होतं, ‘मेण ठिबकून कोट खराब होईल म्हणून मेणबत्ती वर ठेवणाऱ्यांसाठी: मेणाचा डाग कोटावरून निघतो. तळघरातून माणूस निघत नाही.’

मला हसू फुटलं. डोक्यावरचे चांदीचे कागद खुळखुळले. अरे, ही तर सुगीच्या दिवसांची सूचना होती, मास्तरांनी पोरांना दटावावं तशी, फक्त गोष्टीच्या वेषात. व्हिएन्नाच्या छापखान्यातल्या कुणा जुळाऱ्याने जुन्या पानावरून नव्या गोल टायपात खिळे जुळवताना एक काडी पाहिली नाही, आणि त्या काडीच्या जागी पडलेल्या भोकातून कॉफीहाउसातले ते सगळे उदास नायक बाहेर आले. प्रोफेसरही हसले, पण माझ्यासारखे नाही.

“माझं पुस्तक गेलं, ट्राउडल,” ते म्हणाले.

मी विचारलं, आणि ते नायक, त्यांचं काय? ते म्हणाले, त्यांना काय होतंय, ते आहेतच, चांगले जिवंत आहेत. फक्त त्यांचा आजोबा क्विरिन नाही. ती सगळी एका पेंगणाऱ्या जुळाऱ्याची पोरं.

परतताना हद्द येईपर्यंत ते मांडीवरची झेरॉक्स बघत होते. मी मुद्दाम काही विचारलं नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. ही झेरॉक्स त्यांनी घडी करून खिशात ठेवली असती तर जगात कुणाला कळलं असतं? नवी आवृत्ती निघाली होती, महापौराने समारंभाची तारीख जाहीर केली होती, व्हिएन्नाहून भाषण करायला माणसं येणार होती. आमचे मळे दिसायला लागल्यावर त्यांनी मफलर नीट गुंडाळला आणि म्हणाले, आधी वाइडिंगरबाईंकडे घ्या.

आत्या त्याच खोलीत बसून बादल्या घासत होत्या. प्रोफेसरांनी टोपी काढली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःचं पुस्तक कुठे कुठे चुकलं त्यासकट. मला वाटलं आत्या रडतील, निदान क्रूसाची खूण तरी करतील. त्यांनी भिंग घेतलं, कागद खिडकीशी नेला आणि म्हणाल्या, हा शाईचा डाग असेल. झालं. जन्मभर छापलेल्या अक्षराने छळलेली बाई, आता छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवेना. मग प्रोफेसरांनी त्या पानावरचा एकेक एफ दाखवला, एकेक एस दाखवला. जो माणूस उभी हयात हौसेच्या बाजूने लढला तो आता हवेची वकिली करत होता, आणि घाम पुसत करत होता. शेवटी आत्यांनी खालची बारीक सूचना स्वतः लावून वाचली, अक्षर अक्षर करत. मेणाच्या डागापाशी त्यांचं तोंड हललं. पण लगेच त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“हे लोरेन्झचं झालं,” त्या म्हणाल्या. “गोष्ट गमतीची होती, कबूल. म्हणून ती लिहिणारा मुद्दाम मेला नाही, असं कुठं होतं? उलट त्याला तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मग तो कसा मेला?”

प्रोफेसर प्रामाणिकपणे म्हणाले, “त्याचं उत्तर कॅलेंडरात नाही, बाई.”

आत्या बादलीकडे वळल्या. ब्रश उचलला, दोन हात फिरवले, आणि ब्रश तसाच हातात धरून थांबल्या.

“मेणबत्ती,” त्या म्हणाल्या.

“कुठली?” मी विचारलं.

“त्याच्या मुठीतली. बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. माझी आजी सांगायची, आणि सांगताना हळू आवाजात सांगायची, जणू ती चोरीची होती. दिवा मालवून बसला, म्हणायचे सगळे.” त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “ट्राउडल, जो मरायला निघालाय तो मेणबत्ती कशाला नेईल गं?”

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्याच नाहीत.

“ज्याला वर यायचंय तोच नेतो. तळघरात मेणबत्ती दुसऱ्या कशासाठी नेतात? आणि आम्ही एवढी वर्षं ती मेणबत्ती त्याच्याच विरुद्ध धरली. गावाचं सोडा, आम्ही घरच्यांनी.” मग अगदी वेगळ्या आवाजात त्या म्हणाल्या, “मास्तरच होता शेवटी. ज्योत नेमकी कुठल्या पायरीवर विझते ते बघत बसला असेल. पुढच्या कॅलेंडरात छापायला. एक पायरी अजून, एक पायरी अजून, असं करत.”

“तसं असू शकतं,” प्रोफेसर हळूच म्हणाले.

“हौस होती त्याला,” आत्या म्हणाल्या. “हवा नव्हती.”

मग त्या उठल्या. भिंतीतल्या कोनाड्यातून मेणबत्ती घेतली, काडी ओढली. मी सवयीने दाराकडे वळले, गेर्नोटला हाक मारायला.

“कुणाला बोलावू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं इथेच थांबा.”

आणि तळघराचं दार उघडून त्या उतरायला लागल्या. एकट्या.

मला भीती वाटली, हे सांगायला लाज कसली? वय ऐंशीच्या पुढे, पायऱ्या झिजलेल्या, पिंपं अजून पुरती शांत झालेली नाहीत. पंख्याचं बटण माझ्या हाताशी होतं आणि मी ते दाबून टाकलं. विश्वास वगैरे ठीक आहे. प्रोफेसर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मेणबत्तीचा उजेड भिंतीवरून खाली खाली गेला, वळणापाशी लहान झाला आणि दिसेनासा झाला. मग पिंपावर बोटाच्या हाडाने ठोकल्याचा आवाज आला, एकदा, दुसऱ्यांदा. त्यानंतर काहीच नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण हाक मारली असती तर त्या घरातल्या सगळ्या आयांसारखीच मीही झाले असते.

वळणावर पुन्हा उजेड आला आणि मोठा होत गेला. आत्या वर आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. एका हातात जळती मेणबत्ती, दुसऱ्या हातात नव्या वाइनचा अर्धा पेला. तो त्यांनी प्रोफेसरांच्या हातात दिला.

“हवा चांगली आहे खाली,” त्या म्हणाल्या. “प्या. तुम्हाला गरज आहे. आणि तो दगड फिरवा आता. दगडवाल्याला सांगा, एक काडी कमी पडलीय, तेवढी घालून दे.”

प्रोफेसरांनी पेला मलाच धरायला दिला आणि दगड फिरवायला गेले. तो जड होता, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. आत्यांनी ज्योत फुंकली आणि मेणबत्ती कोनाड्यात ठेवून दिली. त्यांच्या निळ्या बाहीवर मेण सांडून मोठा डाग पडला होता. मी तो दाखवला.

त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “निघतो तो,” त्या म्हणाल्या.